ड्रोन एकाएकी खाली का बसते?

आपला वर्धा जिल्हा कपाशीचा. सेलूला जा, देवळीला जा, नाही तर हिंगणघाटला जा. वावरात पऱ्हाटी दिसणारच. पऱ्हाटीवर कीड आली की फवारा मारावा लागतो. फवाऱ्याचे औषध म्हणजे विषच. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन २० हून अधिक माणसे दगावली.

आता फवारणीसाठी ड्रोन आले आहे. चालक धुऱ्यावर उभा राहून रेडिओच्या लहरींनी ते चालवतो. पाठीवर पंप घ्यावा लागत नाही. २०२३ साली केंद्र सरकारने १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. म्हणून या यंत्राची रीत आपण समजून घेऊ.

ड्रोन हवेत कशाच्या आधारावर राहते? त्याचे पंखे हवा खाली ढकलतात. हवा खाली जाते, तसे ड्रोन वर उचलले जाते.

पण कधी कधी नवल घडते. चालक ड्रोन सरळ खाली, भरभर उतरवतो. पंखे जोरात फिरत असतात. तरी ड्रोन डगमगते आणि धपकन खाली बसते. यंत्र बिघडले काय? नाही. आपणच खाली ढकललेल्या हवेत ते शिरलेले असते. ती हवा पंख्यांच्या कडेने वर येते आणि पुन्हा पंख्यांत ओढली जाते. हवेचा भोवरा होतो. मग आधार कसा मिळणार?

धान्याच्या राशीवर चढून पाहा. पाय दिला की दाणे सरकतात. जास्त जोर केला की जास्त सरकतात. इथेही तसेच. नुसता पंख्यांचा जोर वाढवून भागत नाही. ड्रोन पुढे किंवा बाजूला काढावे. तिथे न ढवळलेली हवा मिळते आणि ते सावरते. मुळात हळूहळू, तिरपे उतरवावे हे बरे. हेलिकॉप्टरचेही असेच असते.

जमिनीजवळ उलट प्रकार होतो. ढकललेली हवा जमिनीवर अडते. तिची जणू गादी होते. ड्रोन तिच्यावर तरंगते, चटकन टेकत नाही. वारा असला तर बाजूला सरकतेही.

वाऱ्याचे आणखी एक सांगतो. उफणताना भूस कसे दूर जाते, ते तुम्ही जाणताच. औषधाचे बारीक थेंबही तसेच उडतात. जोराचा वारा असेल तेव्हा फवारणी करू नये. नाही तर विष शेजारच्या वावरात, विहिरीत, माणसांच्या अंगावर जाईल.

तेव्हा मंडळी, एवढे ध्यानात ठेवा. ड्रोन शिकलेल्या, परवानाधारक माणसानेच चालवावे. ते उडताना आणि उतरताना खाली कोणी उभे राहू नये. गंमत पाहायला लेकरे धावतात. त्यांना लांब ठेवा. ढोरेही लांब बांधा. ड्रोन खाली येऊन पंखे पुरते थांबल्याशिवाय जवळ जाऊ नका.