‘हुशार आहे, पण...’

‘‘डॉक्टर, मुलगा हुशार आहे हो, पण अभ्यासाला बसतच नाही.’’ सर्दी-खोकल्याखालोखाल आम्हां बालरोगतज्ज्ञांच्या कानी पडणारे हे वाक्य. इंदूरसारख्या, चौकाचौकांत कोचिंगच्या पाट्या झळकणाऱ्या शहरात त्यावरचा उपायही ठरलेला असतो : आणखी एक शिकवणी!

काही वर्षांपूर्वी पाचवीतील एका मुलाच्या आईने हेच वाक्य मला ऐकविले. ग्रह, त्यांचे उपग्रह, परिभ्रमणाचा काळ, सारे मुलाला मुखोद्गत; परंतु दहा गणितांचा गृहपाठ रात्री दहापर्यंत अपुराच. शाळा सुटल्यावर एक शिकवणी, जेवणापूर्वी दुसरी. मी डोळे-कान तपासले, हिमोग्लोबिन पाहिले, एक टॉनिक लिहिले आणि ‘मोठा झाला की सुधारेल’ असे सांगून मोकळा झालो. दीड वर्षाने तो पोटदुखी घेऊन पुन्हा आला. दुखणे नेमके शिकवणीच्या वेळी उठत असे. ‘‘मी ढ आहे,’’ माझ्याकडे न पाहता तो म्हणाला. माझी चूक मला तेव्हा उमगली.

बुद्धी शाबूत असूनही स्वतःवर ताबा न राहणाऱ्या मुलांचे वर्णन जॉर्ज स्टिल यांनी लंडनमधील व्याख्यानांत १९०२ सालीच केले होते. आज ज्यास आपण एडीएचडी म्हणतो, त्याचा एक प्रकार प्रामुख्याने अवधानाच्या उणिवेचा असतो. असे मूल धुडगूस घालीत नाही. खिडकीबाहेर पाहात मुकाट बसते. मुलींच्या बाबतीत तर हे सहज नजरेतून सुटते. बुद्धी तल्लख असली की खालच्या इयत्ता ऐकीव ज्ञानावर निभावतात. पुढे लिखाण वाढते आणि गाडे अडते. २०१३ च्या डीएसएम-५ ने लक्षणारंभाची वयोमर्यादा सातवरून बारा वर्षांवर नेली, ते अशा मुलांच्या दृष्टीने न्याय्यच झाले. अर्थात लक्षणे घरी आणि शाळेत, दोन्हीकडे दिसावयास हवीत. अपुरी झोप, घोरणे, ॲब्सेन्स प्रकारचे झटके, वाचनदोष यांचा शोधही घ्यावयास हवा.

निदानाअंती स्पष्ट झाले ते असे, की या मुलास गणित येत होते. आरंभ करणे, पायऱ्या मनात धरून ठेवणे आणि काम शेवटास नेणे जमत नव्हते. दोन्ही शिकवण्या मात्र त्याला येत असलेलेच पुन्हा शिकवीत होत्या!

त्या बंद केल्या. शेजारच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी जबाबदारी घेतली. एका कागदावर दोनच गणिते, पंधरा मिनिटांचे घड्याळ, मग अंगणात एक फेरी. पहिली पायरी त्या तोंडी वदवून घेत आणि नंतर जवळच भाजी निवडीत बसत. झालेली वही दप्तरात गेली की नाही हे पाहणे, हाही शिकवणीचाच भाग. शाळेने दहांऐवजी पाच गणिते चालवून घेतली. पुढे मेथिलफेनिडेटही सुरू केले. भूक, वजन, रक्तदाब यांवर लक्ष ठेवून. औषधाने चित्त थाऱ्यावर राहू लागले. दप्तर भरणे मात्र बाईंनाच शिकवावे लागले.

आता तो नववीत आहे. परवा विज्ञानाची वही घरीच विसरला म्हणून आई पुन्हा चिडली होती. नवी शिकवणी मात्र तिने अद्याप लावलेली नाही.