घरची शाळा, भाग 9 : हुकूम द्या, पण आपल्या नावावर द्या

इंग्रज शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसनबाईंचं वेळापत्रक आज घ्यायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. कारण नगरच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न मला बाजूला सारवेना. त्या मुलांना घरीच शिकवतात. त्या लिहितात, ‘आई आणि बाई मी एकटीच. मुलगा उलट प्रश्न विचारतो, तेव्हा त्याला शाबासकी द्यायची की दटावायचं?’

मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लींच्या आई, आपली मुलं घरीच शिकवणाऱ्या सुझाना वेस्लींना सोडून इतक्यात पुढे जाता येणार नाही, ते यामुळेच. गेल्या वेळी त्यांची शिस्त पाहून बरेच जण दचकले. इंग्लंडमधल्या एपवर्थच्या त्यांच्या घरात मूल वर्षाचं झालं की छडीचा धाक आणि रडणंही हळू आवाजात. ती छडी मला मुळीच मान्य नाही. पण 1732 साली जॉनला लिहिलेल्या पत्रात त्यांनी घरचे नियम मांडले आहेत, त्यातला एक मला फार मोलाचा वाटतो : चूक केलेल्या मुलानं ती खरीखुरी कबूल केली आणि सुधारायचं वचन दिलं, तर त्याला मार नाही. मार चुकवायला मुलं खोटं बोलतात, हे त्यांनी ओळखलं होतं. खरं बोलायची भीती वाटणारं मूल मनातली शंका तरी कशी बोलून दाखवणार?

शंका बोलायला त्या घरात वेळही राखून ठेवलेला होता. आठवड्याची एकेक संध्याकाळ एकेका मुलाची, गुरुवार जॉनचा. पुढे ऑक्सफर्डला फेलो झालेल्या जॉननं आईला पत्र लिहून त्याच गुरुवारच्या वेळातला थोडा वाटा पुन्हा मागितला. नुसत्या धाकात वाढलेला मुलगा असं मागणं करील, असं मला वाटत नाही.

आता खुद्द सुझानाबाईंचं पाहा. वडील डॉ. ॲन्सली चर्च ऑफ इंग्लंडबाहेरचे नावाजलेले पाळक. त्यांच्या या मुलीनं तेराव्या वर्षाच्या सुमारास दोन्ही बाजू पारखून चर्च ऑफ इंग्लंड पत्करलं. पुढे 1712 च्या सुरुवातीला एपवर्थचे पाळक असलेले पती सॅम्युएल लंडनला असताना रविवारी संध्याकाळी सुझानाबाई घरच्यांसाठी उपासना घेत, प्रवचन वाचून दाखवत. शेजारीपाजारी येऊ लागले आणि गर्दी दोनशेवर गेली. मदतनीस पाळकानं तक्रार केली, पतीनं हे थांबवावं असं कळवलं. बाईंनी आधी आपली कारणं सविस्तर लिहिली. मग कळवलं, की नुसती इच्छा सांगू नका, स्पष्ट शब्दांत हुकूम पाठवा; म्हणजे ख्रिस्ताच्या न्यायासनापुढे या लोकांबद्दल जाब द्यायची वेळ येईल, तेव्हा दोष माझ्यावर राहणार नाही.

ताई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर या पत्रात आहे. बाईंनी पतीचा अधिकार नाकारला नाही, विचार करणंही सोडलं नाही. त्यांनी हुकमाची जबाबदारी हुकूम देणाऱ्याच्या पदरात घातली. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातही मुलांना आज्ञापालन सांगितल्यावर लगेच बापांना बजावलं आहे, की मुलांना चिरडीस आणू नका.

तेव्हा मुलगा ‘का?’ म्हणाला, तर आधी त्याचं म्हणणं पुरतं ऐका. पटलं तर हुकूम मागे घ्या. नाही पटलं, तर ‘हे मी ठरवलं आहे, याचा जाब देवापुढे मी देईन’ असं सांगून काम करून घ्या. आणि हे वाक्य ज्या हुकमाबद्दल तुमच्या तोंडून निघत नाही, तो हुकूम देऊच नका.