दहा बाइटांतली बत्तीस शून्यं

‘१० २० ०० ००’. हेक्स एडिटरमध्ये गेमची फाइल उघडून आकड्यांच्या रांगा चाळताना हे चार बाइट दिसले की मी थांबतोच. फाइल निन्टेन्डोच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सची असेल, तर इथे बहुधा सोळा रंगांचा एक संच आवळून ठेवलेला असतो. गेमची अशी गाठोडी सोडवायची, आतली चित्रं, रंग, संवाद बदलायचे आणि पुन्हा बांधून ठेवायची, या उद्योगाचं मला वर्षानुवर्षं वेड आहे.

आधी इतिहास, थोडक्यात. डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ आला. त्याच्या ‘वॅड’ फाइलमध्ये माल उघडाच होता, त्यामुळे हौशी मंडळी लवकरच स्वतःचे नकाशे बनवू लागली. कार्ट्रिजवरच्या गेमना ती चैन नव्हती. तिथे मेमरी महाग, म्हणून डेटा दाबून भरावा लागे. त्यासाठीची युक्ती लेंपेल आणि झिव या दोघांनी १९७७ मध्ये मांडली, १९८२ मध्ये स्टोरर आणि शिमान्स्की यांनी ती सुधारली, आणि २००१ च्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्समध्ये तिनं दाबलेला डेटा उलगडणारा प्रोग्राम थेट यंत्राच्या १६ केबी बायोसमध्येच बसवलेला होता.

मला मोह पडतो तो इथे. आरतीच्या पुस्तकात ध्रुवपद एकदाच पूर्ण छापतात, पुढे प्रत्येक कडव्याखाली नुसतं ‘॥धृ॥’. ही पद्धतही तशीच: आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा लिहायचा नाही, ‘इतकं मागे जा, इतके बाइट उचल’ एवढंच सांगायचं. बत्तीस शून्यं ओळीनं असतील तर फाइलमध्ये एवढंच पुरतं:

१० २० ०० ०० ६० ०० एफ० ०० ए० ००

पहिला १० ही पद्धतीची ओळख. पुढचे तीन बाइट म्हणजे उलगडल्यावरची लांबी, उलट्या क्रमानं. हेक्समधले, म्हणजे सोळाच्या पायावरचे, २० म्हणजे आपले ३२. मग ६०. हा खुणांचा बाइट; याचे आठ बिट पुढच्या आठ तुकड्यांची जात सांगतात: बिट शून्य असेल तर बाइट जसाच्या तसा, एक असेल तर नक्कल. इथे पहिला बिट शून्य, पुढचे दोन एक; म्हणून आधी एक शून्य सरळ आलं. ‘एफ० ००’ मधला एफ म्हणजे पंधरा, त्यात तीन मिळवून अठरा. उरलेल्या शून्यात एक मिळवायचा. अर्थ: एक घर मागे जा आणि अठरा बाइट उचल. पण मागे तर एकच बाइट आहे! तो उचलून ठेवला की तोच पुढच्यासाठी ‘मागचा’ होतो, असं अठरा वेळा. ‘ए० ००’ उरलेले तेरा भरतं. इतकी सुंदर काटकसर मी दुसऱ्या कुठल्या फाइलीत पाहिलेली नाही.

गंमत म्हणजे सगळे रंग वेगवेगळे असले तर याच पद्धतीनं ३२ बाइटांचे ४० होतात: चार शीर्षकाचे, चार खुणांचे आणि मूळचे बत्तीस. माझ्या भाच्याला ‘पोकेमॉन फायररेड’मधला चारिझार्ड निळा करायचा होता. “मामा, सॉफ्टवेअर कुठलं लागेल?” मी म्हटलं, खुणेचा बाइट ०० असेल तिथे काहीच लागत नाही, पुढचे आठ बाइट म्हणजे चार रंग, उघडे पडलेले. लाल ‘१एफ ००’, निळा ‘०० ७सी’. त्यानं हातानं आकडे बदलले आणि निळा चारिझार्ड पडद्यावर आला तेव्हा घर डोक्यावर घेतलं.

चित्र बदलायचं तर काम वाढतं. नवं चित्र दाबल्यावर जुन्यापेक्षा मोठं झालं, की त्या जागेत ते मावत नाही. मग फाइलच्या शेवटी ‘एफएफ’नं भरलेली मोकळी जागा शोधायची, चित्र तिथे ठेवायचं आणि जुन्या पत्त्यावर बोट दाखवणारा पॉइंटर बदलायचा. पत्ताही उलटा लिहिलेला असतो, आणि १६ एमबीपर्यंतच्या गेममध्ये त्याच्या शेवटी ०८ असतो.

एक खोच मात्र लक्षात ठेवा. डेटा थेट व्हिडिओ मेमरीत उलगडायचा असेल तर ‘एक घर मागे’ चालत नाही, किमान दोन घरं लागतात. कारण ती मेमरी एकावेळी दोन बाइट लिहून घेते. म्हणजे वरची माझी लाडकी दहा बाइटांची ओळ तिथे चित्राचा विचका करील.

हे सारं कुलूप तोडणं आहे असं म्हणणाऱ्यांशी माझा पक्का मतभेद आहे. उलगडण्याची रीत यंत्रातच आहे; मार्टिन कॉर्थ यांच्या ‘जीबीएटेक’ या दस्तऐवजात ती तपशीलवार मांडलेली आहे. पण दुसऱ्याचा अख्खा गेम वाटणं ही वेगळी गोष्ट. ते टाळण्यासाठीच पॅच असतात, फक्त बदललेल्या बाइटांचे. जुना ‘आयपीएस’ पॅच १६ एमबीच्या पुढचा पत्ता लिहू शकत नाही. ‘बीपीएस’ लिहितो, शिवाय मूळ फाइल तीच आहे का हेही तपासतो.

तेव्हा तुमचं काम वाटाल तेव्हा पॅचच वाटा, गेम नव्हे. आणि तो ‘फायररेड’च्या १.० आवृत्तीवर चालतो की १.१ वर, हे पहिल्याच ओळीत लिहा.