‘तुरट’ हा शब्द आणि मादिराँचे मद्य

नैर्ऋत्य फ्रान्समधील मादिराँ हे तांबडे मद्य मुख्यतः ‘ताना’ जातीच्या द्राक्षांपासून होते. त्याच्या उग्रतेचे मूळ टॅनिन या द्रव्यात आहे. ते लाळेतील प्रथिनांना बांधते; म्हणून जीभ आखडते. बदकाच्या चरबीयुक्त मांसाबरोबर हा परिणाम सौम्य होतो. लातूर-नांदेडकडील काळ्या मसाल्याच्या मटणास मात्र हा न्याय अर्धाच लागू पडतो : मांस टॅनिनला शमविते, पण मिरचीचा दाह मद्यार्काने वाढतो.

आधुनिक शास्त्रात ही संवेदना बहुधा स्पर्शाची मानली जाते. आयुर्वेद तिला ‘कषाय’ म्हणून षड्रसांत गणतो. अनुवादात तिच्यासाठी ‘कडू’ योजल्यास दोन भिन्न संवेदना एक होतात. हिरडा, जांभूळ व सुपारी यांनी घडविलेला ‘तुरट’ हाच येथे नेमका शब्द होय.