उन्हाळ्याची प्रयोगशाळा

वैशाख वणव्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेला की नागपुरात खिडकीखिडकीला कूलर घरघरू लागतात. त्यांपैकी पुष्कळसे पत्रा कापून, मोटार बसवून देणाऱ्या लहान उद्योजकांच्या दुकानांतून आलेले असतात.

या यंत्राचे शास्त्र साधे आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता हवेतून शोषली जाते. विजेच्या हिशेबात ती एका युनिटाच्या दोन-तृतीयांश भरते. विदर्भातील उन्हाळी हवा कोरडी असल्याने पंखा आणि छोटा पंप मिळून सुमारे दोनशे वॅटांत खोली सुसह्य होते. दीड टनी वातानुकूलन यंत्र पूर्ण क्षमतेने चालताना दीड हजार वॅटांच्या आसपास वीज घेते. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या अंदाजपत्रकात हा फरक लहान नव्हे.

वस्तू बंद खोलीत न पारखता वापरणाऱ्याच्या घरात, त्याच्या सहभागाने घडवावी, या विचाराने युरोपात २००६ साली ‘जिवंत प्रयोगशाळां’चे जाळे उभे राहिले. नागपूरचा कूलरवाला हे काम नकळत करीतच असतो. जुना कूलर दुरुस्तीला येतो तेव्हा गृहिणी आवाजाची, गळतीची, गंजलेल्या तळाची तक्रार सांगते आणि पुढचा कूलर तेवढा सुधारतो.

उणीव आहे ती मोजमापाची. कोणत्या ताटीने किती पाणी खर्चून किती गारवा दिला, मोटारीने किती वीज घेतली, याची नोंद सहसा होत नाही. सदोष अर्थिंगमुळे ओल्या पत्र्यात वीज उतरून माणसे दगावतात. टाकीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. या दोषांची तक्रार सांगायला पुष्कळदा कोणी दुकानात येत नाही.

दुकानदाराने स्वतः संशोधन का करू नये, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर अर्थशास्त्राचे आहे. त्याने केलेली सुधारणा शेजारचा दुकानदार लगेच उचलतो. खर्च एकट्याचा आणि लाभ सर्वांचा, असा हा व्यवहार होतो. म्हणूनच तो खर्च सामाईक असला पाहिजे. १९५८ साली स्थापन झालेली आणि आज ‘नीरी’ म्हणून ओळखली जाणारी संस्था, १९६० पासूनची आणि आज विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी अभियांत्रिकी संस्था अशी ज्ञानकेंद्रे याच शहरात आहेत. पंचवीस-तीस घरे, एक उन्हाळा, वीजमापक व तापमापक एवढ्या सामग्रीवर विद्यार्थी, कारागीर आणि गृहिणी यांनी मिळून आरंभ करता येईल. पुढचा चैत्र येण्यापूर्वी त्याची तयारी व्हावी.