प्रोस्टेट कॅन्सर: घाई किती, विचार किती?

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं निदान झालं की घरात पहिलं वाक्य येतं, ‘लगेच ऑपरेशन करून टाका.’ ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ चाचणीने या घाईचा नीट हिशेब मांडला. १९९९ ते २००९ या काळात निदान झालेले आणि ग्रंथीपुरताच कॅन्सर असलेले १६४३ पुरुष चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत विभागले गेले: शस्त्रक्रिया, रेडिओथेरपी आणि नियमित पीएसए रक्ततपासणीसह देखरेख. पंधरा वर्षांचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. या कॅन्सरने दगावलेले तिन्ही गट मिळून ४५. गटागटांत ठळक फरक नाही.

फरक दिसला तो रोजच्या जगण्यात. बाराव्या वर्षी लघवी गळते म्हणून पॅड वापरणारे शस्त्रक्रियेच्या गटात २४ टक्के, देखरेखीत ११, रेडिओथेरपीत ८. शौचावरचा ताबा सुटण्याची तक्रार मात्र रेडिओथेरपीनंतर जास्त. लैंगिक क्षमतेला पहिली काही वर्षं सर्वाधिक फटका शस्त्रक्रियेने बसतो. संकोचामुळे हा प्रश्न विचारलाच जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

देखरेख म्हणजे दुर्लक्ष नव्हे. त्या गटात कॅन्सर पसरण्याचं प्रमाण ९.४ टक्के होतं, इतर दोन्हींत सुमारे ५. आणि ६१ टक्क्यांनी पुढे उपचार घेतलेच. आक्रमक किंवा पसरलेल्या कॅन्सरला हा हिशेब लावू नये.

बायोप्सीचा रिपोर्ट आला की कॅन्सर किती आक्रमक आहे हे सांगणारा ग्लीसन स्कोअर विचारा, सर्जन आणि रेडिएशनतज्ज्ञ दोघांनाही भेटा, आणि जाताना पत्नीला सोबत न्या.