मानतो, असे मी मानतो!

उकाड्याचा दिवस होता. एका गजबजलेल्या ठिकाणच्या सार्वजनिक टेलिफोनवरून एक इटालियन प्राध्यापक आपल्या गुरुस्थानी असलेल्या वृद्ध प्राध्यापकांशी बोलत होते. ते गृहस्थ पक्के कॅथॉलिक. बोलता बोलता त्यांनी एकदम विचारले, ‘काय हो, अजून देवाला मानता ना?’ प्राध्यापक क्षणभर गडबडले आणि म्हणाले, ‘मानतो, असे मी मानतो!’

हे प्राध्यापक म्हणजे ज्यान्नी वात्तिमो. हेच उत्तर पुढे त्यांच्या १९९६ सालच्या पुस्तकाचे नाव झाले. आपल्या ‘मानणे’ या शब्दात श्रद्धाही बसते आणि ‘असे धरून चालणे’ही बसते. इटालियन भाषेतही तसेच आहे. तेव्हा त्या उत्तरात भक्ती किती आणि शंका किती, हे सांगणे कठीण!

वात्तिमो यांचा जन्म १९३६ सालचा, तुरिनचा. तरुणपणी ते कॅथॉलिक युवक संघटनेत रमले. पुढे जर्मनीत गादामर यांच्याजवळ शिकले, नीत्शे आणि हायडेगर यांच्यात बुडाले आणि चर्चपासून दुरावले. त्यात ते समलिंगी. ज्याला ते प्रेम म्हणत, त्याला चर्च पाप म्हणे. असा माणूस धर्माकडे परत कशाला वळेल? पण जिवलगांचे मृत्यू पाहिले, वय कलले आणि जुनी ओढ पुन्हा जागी झाली.

अडचण होती ती त्यांच्या तत्त्वज्ञानाची. १८८२ साली नीत्शेने एका वेड्याच्या तोंडून ‘ईश्वर मेला’ असे वदवले होते. १९७९ साली फ्रान्सच्या ल्योतार यांनी सांगितले, की सगळ्या जगाचा एकदम उलगडा करणाऱ्या महाकथांवर आता कोणाचा विश्वास उरलेला नाही. याच वृत्तीला उत्तराधुनिक म्हणतात. मग ख्रिस्ताची कथा तरी कशी टिकावी?

वात्तिमो यांनी येथे गंमत केली. ते विचारतात, मेला तो कोणता देव? तर्काने सिद्ध करायचा, विश्वाच्या पायात चिऱ्यासारखा बसवलेला तत्त्वज्ञांचा देव! पण महाकथाच गेल्या, तर ‘देव नाही हे विज्ञानाने सिद्ध केले’ ही महाकथाही गेली. म्हणजे नास्तिकाचे आसनही डळमळलेच.

आणि ख्रिस्ती धर्माच्या गाभ्यात काय आहे? संत पौल फिलिप्पैकरांना लिहितात, की ख्रिस्ताने स्वतःला रिते केले आणि दासाचे रूप घेतले. ग्रीक भाषेत याला ‘केनोसिस’ म्हणतात. जो देव आपले सामर्थ्य खाली ठेवतो, त्याच्या भक्ताने सत्याची काठी का उगारावी? आपल्या विचाराला वात्तिमो ‘दुबळा विचार’ म्हणत, आणि हा दुबळेपणा आपल्याला ख्रिस्ताकडूनच मिळाला, असा त्यांचा दावा होता.

हे सर्वांना पटले नाही. १९९८ सालच्या परिपत्रकात पोप दुसरे जॉन पॉल यांनी बजावले, की सत्यावरचा भरवसा सुटला तर माणूस शून्यवादाच्या गर्तेत जाईल. प्रश्न खराच आहे. सारेच अर्थ लावण्यावर सोडले, तर अन्यायाला अन्याय कशाच्या बळावर म्हणायचे? वात्तिमो उत्तर देत : प्रेमाच्या बळावर, अर्थ कसाही लावा, प्रेमाची मर्यादा ओलांडू नका. पण मग हे प्रेम तरी पक्के कशावरून? येथे त्यांचा दुबळा विचारही गुपचूप पाय रोवून उभा राहतो. ही तर्कातली चूक म्हणावी की श्रद्धा, हे ज्याने त्याने ठरवावे.

२०२३ सालच्या सप्टेंबरात, ८७ व्या वर्षी, वात्तिमो वारले.

लक्ष्मीपूजनाच्या वेळी आपल्या घरातला कॉलेजात जाणारा मुलगाही हात जोडताना किंचित घुटमळतो. आजी विचारते, ‘का रे, मानतोस ना?’ तो लगेच ‘हो’ म्हणाला नाही, तर रागावू नये. तो घुटमळतो आहे, आणि तरीही हात जोडतो आहे.